नाना फडणवीस : एका भीतीची खतावणी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इतिहासातल्या माणसावर लेख लिहावा हे आमच्या कला शाखेच्या मित्रांना थोडे खटकेल याची मला कल्पना आहे. परंतु नाना फडणवीस हे मुळात आमच्याच धंद्यातले गृहस्थ होते, हे बरेचजण विसरतात. फड म्हणजे सरकारी कचेरी. त्या कचेरीत राज्याचा जमाखर्च ठेवायचा, सनदा व हुकूम नोंदवून घ्यायचे, कोणाला काय दिले आणि कोणाकडून काय येणे आहे याचा ताळा लावायचा, हे फडणिसाचे काम. आज आम्ही किर्द आणि खतावणी शिकतो, ती नाना पेशव्यांच्या साऱ्या दौलतीची लिहीत होते. आणि खतावणी लिहिणाऱ्या माणसाची एक खोड असते. जुनी बाकी तो कधी विसरत नाही. पुढच्या पानावर ती ओढून आणतो.

गेल्या वर्षी आमची सहल वाई-महाबळेश्वरला गेली होती. वाईपासून जवळच कृष्णेच्या काठी मेणवली गाव आहे. तेथे नानांचा वाडा आहे, पायऱ्यापायऱ्यांचा सुंदर घाट आहे, आणि घाटावर एका लहानशा घुमटीत टांगलेली मोठी पंचधातूची घंटा आहे. ही घंटा पोर्तुगीजांच्या चर्चमधली. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली त्या विजयातली ती लूट. माझ्याबरोबर आमचा एक कन्नड विभागातला मित्र होता. त्याला धारवाडचा किल्ला, टिपू, परशुरामभाऊ पटवर्धन ही नावे चांगली ठाऊक. नाना मात्र त्याला फक्त घाशीराम कोतवाल नाटकापुरते माहीत. त्याने मला सरळ विचारले की हा मनुष्य चांगला की वाईट? मी तेव्हा साडेतीन शहाण्यांची गोष्ट सांगून वेळ मारून नेली. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे व विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, आणि तलवार न चालवणारे म्हणून नाना अर्धे. पण प्रश्न मनात राहिला. परत आल्यावर ग्रंथालयातून जी मिळाली ती पुस्तके वाचली. त्यातून मला जे नाना दिसले ते येथे मांडतो.

बाळाजी जनार्दन भानू हे त्यांचे खरे नाव. जन्म १२ फेब्रुवारी १७४२, सातारा. भानूंचे घराणे कोकणातल्या वेळासचे. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर नानांचे आजोबा घाटावर आले, व १७१९ साली दिल्लीच्या दंगलीत पेशव्यांच्या पदरी असतानाच मारले गेले. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारले. चौदा वर्षांच्या मुलाकडे फडणिशी आली. शरीराने सडपातळ, प्रकृतीने नाजूक, देवधर्माची आवड असलेला हा मुलगा. युद्धाशी त्याचा संबंध असायचे काही कारण नव्हते.

परंतु सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेकडे निघाली तेव्हा नाना आई व पत्नीला घेऊन तिच्याबरोबर गेले. हेतू यात्रेचा. मथुरा, वृंदावन, जमल्यास काशी-प्रयाग. फौजेच्या सावलीत यात्रा सुरक्षित होईल असे त्यांच्यासारख्या कितीतरी कुटुंबांना वाटले होते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. नाना त्या दिवशी एकोणीस वर्षांचेही नव्हते, म्हणजे आज माझे जेवढे वय आहे त्याहून लहान. लढाई मोडलेली पाहून ते पळाले. अंगावरचे कपडे टाकून, लंगोटी लावून, लुटारू स्वारांच्या टोळ्या चुकवीत, झाडपाला खाऊन ते पायी दक्षिणेच्या वाटेला लागले. पत्नी पुढे सुखरूप परत आली. आई आली नाही.

हे सारे नानांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मराठीतील अगदी जुन्या आत्मचरित्रांत त्यांच्या या लहानशा टिपणाची गणना होते. त्यात ते आपल्या तरुणपणीच्या चुका लपवीत नाहीत, आपण पळालो हेही लपवीत नाहीत. नवल असे की हे लिखाण पानिपतच्या आसपासच संपते. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे ते जगले, हजारो पत्रे लिहिली व लिहवून घेतली; पण स्वतःची गोष्ट त्यांनी पुढे नेली नाही. माझा तर्क असा की आपल्याविषयी जे सांगायचे होते ते त्यांच्या दृष्टीने तेथेच सांगून झाले होते.

पुण्यात परतल्यावर पुढची अकरा वर्षे थोरल्या माधवरावांची. या काळाबद्दल शाळेत आपण भरपूर वाचलेले आहे, म्हणून मी एकच धागा घेतो. तो म्हणजे काका राघोबादादा. १७६२ मध्ये काकाने पुतण्यावर फौज आणली. माधवरावांनी नमते घेतले. मग पुन्हा बखेडा, पुन्हा समेट. शेवटी १७६८ मध्ये धोडपला दादांचा पराभव करून माधवरावांनी त्यांना शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवले. क्षयाने अंथरुणाला खिळल्यावर मात्र धाकट्या नारायणरावाला त्यांनी याच काकांच्या हाती सोपवले, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला देह ठेवला. काही महिन्यांत काका-पुतण्यांचे पुन्हा फाटले. दादा पुन्हा त्याच वाड्यात कैदेत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी वाड्यात शिरून नारायणरावाचा खून केला तो या कैदेतूनच शिजलेल्या कटाने.

फडणीस म्हणून नाना हे सर्व जवळून पाहत होते. बारा वर्षांत दोनदा घर मोडले होते. एकदा परक्याच्या हातून, एकदा घरच्याच्या. पहिल्या वेळी त्यांची आई गेली, दुसऱ्या वेळी धनी गेला. मला वाटते की यानंतरचे नाना हे या दोन तारखांच्या धाकातच वागले. त्यांच्या प्रत्येक मोठ्या निर्णयामागे पाहावे, तर पुन्हा पानिपत नको आणि पुन्हा राघोबा नको, या दोहोंपैकी एक भीती उभी दिसते.

पहिल्या भीतीने मराठी राज्याचे फार भले केले, हे आधी सांगितले पाहिजे. पुण्यातल्या कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान रचले, नारायणरावाची गरोदर पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर सुरक्षित ठेवले, १८ एप्रिल १७७४ रोजी तिला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. हे सवाई माधवराव. राघोबादादा इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेला त्यांनी मुंबईकरांशी तह केला व फौजेच्या मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. चिमाजीअप्पांनी जिंकलेली वसई त्यांच्या पुतण्याने कागदावर देऊन टाकली! मेणवलीची घंटा पाहताना मला हे ठाऊक असते तर मित्राला सांगितले असते.

या युद्धात नानांनी काय केले ते पाहावे. पानिपतावर मराठे एकटे पडले होते. उत्तरेतले कोणीच सत्ताधीश शेवटी त्यांच्या बाजूला उरले नव्हते. नानांनी १७८० च्या सुमारास निजाम, हैदरअली व नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एका फळीत आणण्याची खटपट केली. आयुष्यभर ज्यांच्याशी वैर त्यांनाच हाताशी धरले. पानिपतावर फौज उपाशी मेली होती. १७७९ च्या जानेवारीत मुंबईहून बोरघाट चढून आलेल्या इंग्रजी फौजेला तळेगाव जाळलेले सापडले. पुढे दाणा नाही, वैरण नाही, भोवती मराठे स्वार. वडगावला इंग्रजांना नाक मुठीत धरून तह करावा लागला. रणांगणावरचे श्रेय महादजी शिंद्यांचे मोठे आहे यात शंका नाही. पण उपासमारीने फौज कशी मोडते हे ज्याने एकोणिसाव्या वर्षाच्या आत पाहिले, त्याचाही त्या बेतात हात होता. १७८२ च्या मे महिन्यात सालबाईचा तह झाला तेव्हाही नानांनी घाई केली नाही. त्यावर पुण्याचे शिक्कामोर्तब व्हायला पुढे कित्येक महिने लागले. इंग्रजांनी राघोबाचा पक्ष सोडला. दादांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. ते कोपरगावला येऊन राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले.

याच काळातली एक चमत्कारिक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पानिपतावर सदाशिवरावभाऊंचे काय झाले याविषयी लोकांच्या मनात संशय होताच. त्यांची पत्नी पार्वतीबाई यांनी शेवटपर्यंत, म्हणजे १७८३ पर्यंत, वैधव्य मानले नाही. अशात एक कनोजी ब्राह्मण मीच भाऊ म्हणून पुढे आला. हाच तो तोतया. थोरल्या माधवरावांच्या वेळी त्याला पकडून कैदेत ठेवले होते. १७७६ मध्ये तो सुटला, कोकणातले किल्ले त्याच्या ताब्यात गेले, हजारो माणसे त्याच्यामागे गोळा झाली. शेवटी पकडून पुण्यात त्याची चौकशी झाली व वर्षअखेरीस त्याला ठार मारण्यात आले. त्या चौकशीच्या दिवसांत नानांच्या मनात काय आले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. आईला जेथे गमावले त्या रणातून उठून कोणी परत आल्याचे सांगत होता, आणि तो खोटा आहे हे सिद्ध करणे नानांचे काम होते.

आता दुसरी भीती. राघोबादादा मेले, पण मागे आनंदीबाई होत्या, दत्तक अमृतराव होता, १७७५ मध्ये धारला जन्मलेला बाजीराव होता आणि बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला चिमाजी. या मुलांनी काहीही केलेले नव्हते. पण ती राघोबाची होती. नानांनी त्यांना पहाऱ्यात ठेवले. आधी कोपरगाव, मग नाशिकजवळ आनंदवल्ली. १७९४ मध्ये आनंदीबाई वारल्या, आणि मुलांना शिवनेरीवर हलवले. बाजीराव एकोणीस वर्षांचा झाला होता. घोड्यावर बसणे, तिरंदाजी, शास्त्राध्ययन यांत तो तरबेज होता म्हणतात. पण आयुष्यात पहारेकऱ्यांशिवाय दुसरे जग त्याने पाहिलेले नव्हते. ज्याला लहानपणापासून प्रत्येक बोलणे चोरून बोलावे लागले, प्रत्येक चिठ्ठी लपवून पाठवावी लागली, तो मोठेपणी सरळ वागेल कसा? पुढे लोकांनी बाजीरावाला कपटी, भित्रा, दुतोंडी म्हणून नावे ठेवली. ती खोटी नाहीत. पण त्याची शाळा कोणती होती तेही पाहावे.

शनिवारवाड्यात दुसरा मुलगा वाढत होता. सवाई माधवरावांना प्राण्यांची फार हौस. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांनी शिकारखाना ठेवला होता, त्यात गेंडा होता, हरणे होती. जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ मध्ये त्यांचे मोठे चित्र काढले. त्यात तरुण पेशवे दागिन्यांनी मढलेले बसले आहेत आणि अगदी लगत नाना. मी त्याची छापील प्रत पाहिली आहे. प्रत्यक्ष जीवनातही तसेच होते. पेशव्यांना कोण भेटते, काय बोलते, कोठे जाते, याची नोंद नानांकडे पोहोचत असे. आजोबा मायेपोटी करतात तशी ही देखरेख होती असे म्हणणारे लेखक आहेत, आणि सत्ता हातची जाऊ नये म्हणून होती असे म्हणणारेही आहेत. मला दोन्ही खरी वाटतात. बाळ लहान होते तोवरच कारभाऱ्याच्या सत्तेला अर्थ होता. मुलगा सज्ञान झाल्यावर ती कधी आणि कशी सोडायची याचा नियम त्या राज्यात नव्हता, आणि नानांनीही तो घालून दिला नाही.

एव्हाना त्यांचे जुने सोबती उरले नव्हते. राघोबांना परत आणण्याचा कट केल्यावरून चुलतभाऊ मोरोबा अहमदनगरच्या किल्ल्यात पडले. सखारामबापू बोकील, तीन शहाण्यांपैकी एक, त्याच संशयावरून किल्ल्यावर गेले व १७८१ मध्ये कैदेतच वारले. शहरात हेर आणि कोतवाली. १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाच्या कोठडीत काही तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचले, ते प्रकरण याच कारभारातले. नाटकात दाखवले आहे तसे सगळे घडले असे नव्हे. पण संशयावर चालणाऱ्या राज्यात असा कोतवाल का निपजला हे समजायला नाटकाची गरज नाही.

येथे थोडे घरचे लिहितो. आमचे भुसाराचे दुकान आहे. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, एका नातलगाला जामीन राहून ते दुकान एकदा गमावले होते. बाबांनी मोठ्या कष्टाने पुन्हा उभे केले. तेव्हापासून गल्ल्याची किल्ली बाबांच्या कडदोऱ्याला. माझा थोरला भाऊ अण्णा दुकानात सात वर्षे राबला, पण शंभर रुपयेसुद्धा त्याला विचारल्याशिवाय काढता येत नसत, आणि रात्री वहीतला आकडा न् आकडा तपासला जाई. दोन वर्षांपूर्वी अण्णा घरात न सांगता बाहेर उधारी करून बसला. बाबा म्हणाले की शेवटी आबांचेच रक्त. मला मात्र तेव्हाही वाटले होते की यात रक्ताचा काही संबंध नाही. असो.

तर शिवनेरीवरून बाजीरावाने पहारेकरी अधिकारी बळवंतराव नागनाथ याच्यामार्फत पुण्याला चोरून पत्रव्यवहार सुरू केला. सवाई माधवराव त्याच्याहून जेमतेम नऊ महिन्यांनी मोठे. आपण दोघेही कैदीच आहोत, जागा तेवढी वेगळी, अशा आशयाचा निरोप त्याने पाठवला असे सांगतात. पेशव्यांना हा चुलता आवडू लागला. नानांना कळताच बळवंतरावाला बेड्या पडल्या, बाजीरावावरचा पहारा कडक झाला, आणि खुद्द पेशव्यांना बोल ऐकून घ्यावे लागले. हे १७९५ साल. त्याच वर्षी ११ मार्चला खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला होता, शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन सारे एका निशाणाखाली आले होते. नानांच्या वैभवाचे ते शिखर होय. सात महिन्यांनी, २५ ऑक्टोबर १७९५ रोजी, दसऱ्यानंतर लगेच, सवाई माधवराव वाड्याच्या सज्जावरून खाली कारंज्यावर पडले आणि २७ तारखेला त्यांचा अंत झाला. वय एकवीस. तापाच्या भ्रमात तोल गेला की त्यांनी स्वतः उडी टाकली, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. मीही निवाडा करीत नाही. पण उडीची शंका त्या काळच्याच लोकांना आली होती, ही गोष्ट लहान नाही.

यापुढचे चौदा महिने वाचताना मला अक्षरशः हसावे की रडावे कळेना. मृत पेशव्यांच्या मांडीवर दत्तक देऊन राघोबाच्या वंशाला दूर ठेवावे असा नानांचा पहिला बेत. सरदारांची संमतीही मिळत आली. पण शिवनेरीवरच्या बाजीरावाने शिंद्यांचा कारभारी बाळोबा तात्या याच्याशी संधान बांधले. ते कळताच नानांनी उलटी चाल केली. परशुरामभाऊंना शिवनेरीवर पाठवून बाजीरावाला आपणच पुण्यात आणवले व त्याच्याशी सलोखा केला. मग शिंद्यांची फौज येत आहे म्हणताच नाना पुणे सोडून साताऱ्याकडे निघून गेले. इकडे बाळोबा व परशुरामभाऊंनी बाजीरावाला बाजूला सारून धाकट्या चिमाजीला दत्तक देऊन गादीवर बसवले. म्हणजे राघोबाचाच मुलगा, नानांच्याच दत्तकाच्या युक्तीने! महाडला बसून नानांनी मग निजाम, शिंदे, होळकर, भोसले, इंग्रज या सर्वांकडे पत्रे धाडली, दौलतराव शिंद्यांना फोडले, आणि डिसेंबर १७९६ मध्ये बाजीरावाला पेशवा करून स्वतः पुन्हा कारभारी झाले. महाडचे कारस्थान म्हणून हे प्रसिद्ध आहे. बुद्धीचा खेळ म्हणून त्याला तोड नाही. परंतु बावीस वर्षे ज्याच्या भीतीने झोप घेतली नाही, त्यालाच त्यांनी आपल्या हाताने गादीवर बसवले.

बाजीरावाने उपकार मानले नाहीत. ३१ डिसेंबर १७९७ रोजी शिंद्यांच्या छावणीत भेटीला गेलेल्या नानांना शिंद्यांच्या पदरच्या परदेशी सरदाराने कैद केले. ठेवले कोठे, तर अहमदनगरच्या किल्ल्यात, जेथे मोरोबा पडले होते. बाहेर सर्जेराव घाटग्याने पुणेकरांना पैशासाठी छळछळ छळले. काही महिन्यांनी शिंद्यांनाच नानांची गरज पडली, १७९८ च्या जुलैत ते सुटले व पुन्हा कारभारात आले. पण तो नुसता देखावा. धन्याचा कारभाऱ्यावर विश्वास नाही, कारभाऱ्याचा धन्यावर नाही. १३ मार्च १८०० रोजी नाना पुण्यात वारले. नऊ लग्ने होऊनही मागे मुलगा नव्हता. जिऊबाई नावाची लहानगी विधवा उरली.

नाना गेल्यावर अडीच वर्षांत काय झाले ते सांगून थांबतो. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, म्हणजे सवाई माधवराव ज्या तारखेला पडले त्याच तारखेला, यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा मोड केला. बाजीराव पळाला. बाप जेथे गेला होता तेथेच मुलगा गेला, इंग्रजांकडे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तैनाती फौज पत्करली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. तह झाला तो वसईला. सोळा वर्षांनी पेशवाई बुडाली, आणि बाजीराव आठ लाखांच्या नेमणुकीवर ब्रह्मावर्तास जाऊन राहिला.

कोणी म्हणेल की पाहा, नानांची भीती खरी ठरली, राघोबाचा मुलगा शेवटी राघोबाच निघाला. मित्राला मेणवलीला उत्तर देता आले नाही ते मी आता असे देईन की पानिपताच्या बाबतीत नानांनी कारणे लक्षात ठेवली, म्हणून त्यांच्या हयातीत दुसरे पानिपत झाले नाही. राघोबाच्या बाबतीत त्यांनी फक्त माणूस लक्षात ठेवला. घरचा मुलगा कोंडला की तो परक्याच्या दारात जातो, हे १७७३ ते ७५ या दोन वर्षांत दिसून चुकले होते. त्यावरून त्यांनी कोंडू नये असे न शिकता अधिक दूरच्या किल्ल्यावर कोंडावे एवढेच घेतले. आणि इंग्रजांना सर्वांत ओळखून असलेल्या याच माणसाने १७९० मध्ये टिपूविरुद्ध इंग्रजांचा हात धरला. परशुरामभाऊ व इंग्रजांच्या तुकडीने धारवाडला वेढा घातला तो याच करारातला. शिवनेरीवरच्या पोराची जेवढी धास्ती होती तेवढी या दोस्ताची वाटली नसावी.

हा लेख मी लिहीत होतो तेव्हा दिवाळी आली. अण्णा दोन वर्षांनी घरी आला होता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीपूजा झाल्यावर बाबांनी कडदोऱ्याची किल्ली काढून त्याच्यापुढे ठेवली आणि काही न बोलता मागच्या खोलीत गेले. अण्णाने गल्ला उघडला. रात्री दुकान बंद होईपर्यंत बाबा तीन वेळा पाणी प्यायचे निमित्त करून पुढे आले, गल्ल्याकडे एकदा पाहून परत गेले. वहीला मात्र त्यांनी हात लावला नाही.